वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे: फाइल डिस्कवर किती जागा अडवते?

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. उत्तरांतल्या आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप कराव्यात. जिथे स्पेलिंग चुकण्याची शक्यता आहे तिथे अक्षरे सुटी करून दिली आहेत.

प्रश्न : आमचे जकार्ड चादरींच्या नक्ष्या तयार करण्याचे काम आहे. लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये ४०,००० बीएमपी फाइली आहेत. प्रॉपर्टीज उघडल्यावर साइझ ५५१ एमबी आणि साइझ ऑन डिस्क ६२५ एमबी दिसते. हेच फोल्डर ६४ जीबीच्या नव्या पेन ड्राइव्हवर टाकले, तर साइझ ऑन डिस्क ४.८८ जीबी झाली. कॉपी व्हायलाही खूप वेळ लागला. पेन ड्राइव्ह खराब आहे का? — एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

पेन ड्राइव्ह चांगला आहे, फक्त त्यातले खण मोठे आहेत. डिस्कची जागा फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली डिस्कवर मांडून त्यांची नोंद ठेवणारी व्यवस्था, सुटी सुटी बाइट म्हणून वाटत नाही. ती सारख्या मापाचे खण पाडते. या खणाला क्लस्टर म्हणतात. एका खणात एकाच फाइलचा मजकूर राहतो, उरलेली जागा दुसऱ्या फाइलला मिळत नाही. तुमच्या लॅपटॉपवर एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम आहे, तिथे खण ४ केबीचा, म्हणजे ४,०९६ बाइटचा. ३२ जीबीपेक्षा मोठे पेन ड्राइव्ह सहसा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात, आणि त्या मापाला विंडोज आपणहून १२८ केबीचा, म्हणजे १,३१,०७२ बाइटचा खण निवडते.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेली एक नक्षी मोजून पाहू. ती ४८० बाय २४० ठिपक्यांची काळी-पांढरी बीएमपी आहे. एका ठिपक्याला एक बिट, म्हणून एका ओळीला ६० बाइट. २४० ओळींचे १४,४०० बाइट, आणि सुरुवातीची मापे व रंगांची माहिती ६२ बाइट. एकूण १४,४६२ बाइट. लॅपटॉपवर तिला ४ खण लागतात, म्हणजे १६,३८४ बाइट, त्यांतले १,९२२ बाइट रिकामे. पेन ड्राइव्हवर एकच खण लागतो, पण तो १,३१,०७२ बाइटचा. त्यातले १,१६,६१० बाइट, म्हणजे जवळपास ८९ टक्के जागा रिकामी पडते. या आकड्यांना ४०,००० ने गुणा, तुमचे ६२५ एमबी आणि ४.८८ जीबी बरोबर येतात.

खणाचे माप स्वतः बघायचे असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून चेकडिस्क, म्हणजे सी-एच-के-डी-एस-के, जागा सोडून पेन ड्राइव्हचे अक्षर आणि विसर्गासारखे दोन टिंब द्या. पुढे काही जोडू नका. नुसती ही आज्ञा फक्त वाचते, काही बदलत नाही. शेवटच्या ओळींत प्रत्येक अ‍ॅलोकेशन युनिटमधल्या, म्हणजे खणातल्या, बाइटची संख्या लिहून येते.

उपाय दोन आहेत. पहिला, साठवणीच्या नक्ष्या ऑर्डरनिहाय झिप करून ठेवणे. शंभर फाइलींची एक झिप केली की शेवटच्या एका खणातलीच जागा वाया जाते. काळी-पांढरी बीएमपी झिपमध्ये भरपूर आवळतेही, कारण बीएमपीत मुळात काहीच आवळलेले नसते. यंत्राला रोज लागणाऱ्या तेवढ्याच नक्ष्या सुट्या ठेवा. दुसरा उपाय म्हणजे पेन ड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट करताना अ‍ॅलोकेशन युनिट साइझ ४,०९६ बाइट निवडणे. फॉरमॅटने आतले सगळे जाते, म्हणून आधी फाइली दुसरीकडे ठेवून, त्यांतल्या दहा-बारा उघडून पाहा.

फॉरमॅट करण्याआधी यंत्राचा कंट्रोलर कोणती फाइल सिस्टिम वाचतो तेही पाहा. तो फक्त एफएटी३२ वाचत असेल तर १६ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावर खण साधारण ८ केबीचा पडतो, तुमच्या एका नक्षीला दोन लागतात आणि बेरीज पुन्हा ६२५ एमबीच येते. मात्र एफएटी३२ मध्ये एका फोल्डरच्या यादीला २ एमबीची मर्यादा आहे. यादीतली एक नोंद ३२ बाइटची, म्हणजे ६५,५३६ नोंदी. आठ अक्षरे अधिक तीन अक्षरांचे एक्स्टेंशन, या मापात नाव बसले तर फाइलला एक नोंद पुरते. नाव लांब असेल तर दर १३ अक्षरांना आणखी एक नोंद जाते. म्हणजे १४ ते २६ अक्षरांची नावे असतील तर एका फोल्डरात २१,८०० च्या आसपास फाइली झाल्या की यादी भरते आणि पेन ड्राइव्ह निम्म्याहून रिकामा असतानाही कॉपी अडते. म्हणून नक्ष्या पाच-पाच हजारांच्या फोल्डरांत विभागा.

कॉपीला लागलेल्या वेळेबद्दल. एकच ५५१ एमबीची फाइल सलग लिहिली जाते. इथे ४०,००० वेळा नाव लिहायचे, खण शोधायचा, मजकूर लिहायचा आणि नोंद पुरी करायची. हे काम फाइलीच्या संख्येवर चालते. झिपने हेही सुटते.

प्रश्न : टीएक्सटी, जेपीजी, पीडीएफ, एमपी४ या फाइली विंडोज वेगवेगळ्या पद्धतीने साठवते का? हे डोळ्यांनी तपासता येईल असा प्रयोग सांगा. — एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

फाइल सिस्टिम एक्स्टेंशनकडे पाहून काहीही ठरवत नाही. तिच्या लेखी ते नावाचाच भाग आहे. तिला फाइल किती मोठी आहे, ती एकदम लिहिली गेली की तुकड्यातुकड्याने वाढली, आणि तिच्यावर कॉम्प्रेस किंवा स्पार्स अशी खूण आहे का, एवढेच दिसते. जेपीजी आणि टीएक्सटीच्या साठवणीत जो फरक दिसतो तो यांतून येतो.

पहिला प्रयोग. सी ड्राइव्हवर चाचणी नावाचे फोल्डर करा. डेस्कटॉपवर करू नका, कारण पुष्कळ संगणकांवर डेस्कटॉप वनड्राइव्हशी जोडलेला असतो आणि त्याने आकडे फसवे होतात. नोटपॅडमध्ये सोलापूर हा शब्द आणि एक स्पेस असे २० वेळा लिहा, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवून सेव्ह करा. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. सोलापूरमध्ये स, ओकार, ल, काना, प, ऊकार आणि र अशी सात चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. स्पेसचा एक धरून २२, आणि २० वेळा लिहिल्यावर ४४० बाइट. प्रॉपर्टीजमध्ये साइझ ४४० बाइट दिसेल. साइझ ऑन डिस्क मात्र शून्य दिसेल.

हे शून्य बरोबर आहे. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलची एक नोंद मास्टर फाइल टेबलमध्ये असते, सहसा १,०२४ बाइटची. नाव, तारखा, परवानग्या लिहून झाल्यावर त्या नोंदीत साधारण ७०० बाइटच्या आतबाहेर जागा उरते. मजकूर तेवढ्यात मावला तर तो नोंदीतच ठेवला जातो, वेगळा खण घेतलाच जात नाही. नाव जितके लांब तितकी ही जागा कमी. आता दुसरी, नवी फाइल करून तेच ५० वेळा लिहा. १,१०० बाइट झाले, नोंदीत मावणे शक्य नाही. साइझ ऑन डिस्क ४ केबी दिसेल. प्रत्येक चाचणीला नवीच फाइल घ्या. एकदा नोंदीबाहेर गेलेला मजकूर, नंतर फाइल लहान केली तरी, सहसा आत परत येत नाही, आणि मग निष्कर्ष चुकतो.

याच ४४० बाइटच्या फाइलची प्रत करून तिला जेपीजी एक्स्टेंशन द्या. चित्र म्हणून ती उघडणार नाही, पण साइझ ऑन डिस्क शून्यच राहील.

दुसरा प्रयोग मोठ्या फाइलीचा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एफएसयूटिल, म्हणजे एफ-एस-यू-टी-आय-एल, पुढे फाइल, पुढे क्वेरीएक्सटेंट्स, पुढे फाइलचा पूर्ण पत्ता अशी आज्ञा द्या. प्रत्येक ओळीत तीन आकडे येतात. फाइलीतला कितवा खण, तिथून सलग किती खण, आणि ते डिस्कवर कुठे सुरू होतात. हे आकडे सोळाच्या पायातले असतात, म्हणजे १० दिसले तर ते सोळा समजायचे. एकदम कॉपी केलेला एमपी४ अनेकदा एक-दोन ओळींत संपतो. महिनोन्‌महिने वाढत गेलेल्या लॉग फाइलीच्या, आकाराने लहान असूनही, कितीतरी ओळी निघतात. आपल्या ४४० बाइटच्या फाइलीची एकही ओळ येत नाही, कारण तिला खणच नाही.

एक सावधगिरी. वनड्राइव्हमधली, ढगाची खूण असलेली फाइलही साइझ ऑन डिस्क शून्य दाखवते. ती नोंदीत मावली म्हणून नव्हे, तर तिचा मजकूर तुमच्या डिस्कवर उतरलेलाच नाही म्हणून. अशा फोल्डराची प्रत काढून घेतली असे समजून लॅपटॉप विकायला काढू नका.

प्रश्न : अभ्यासक्रमात लिनक्समधले फाइलीचे सात प्रकार आहेत : साधी फाइल, डिरेक्टरी, सिम्बॉलिक लिंक, पाइप, सॉकेट, कॅरेक्टर आणि ब्लॉक डिव्हाइस. एक्स्ट४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम यांतला प्रत्येक प्रकार डिस्कवर कसा ठेवते हे प्रात्यक्षिकात दाखवायचे आहे. मित्राचे आणि माझे आकडे जुळत नाहीत. — एक विद्यार्थी, विजापूर रोड, सोलापूर

आधी आकडे का जुळत नाहीत ते. तुम्ही दोघे कदाचित एकाच फाइल सिस्टिमवर नाहीच. डी-एफ, पुढे डॅश मोठा टी आणि एक टिंब, ही आज्ञा देऊन तुम्ही उभे आहात तिथली फाइल सिस्टिम पाहा. फेडोरा वर्कस्टेशन ३३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, आपणहून बीटीआरएफएस बसवते. काही वितरणांत टीएमपी फोल्डर मेमरीत असते, तिथे डिस्कचा संबंधच नाही.

म्हणून सराव वेगळ्या इमेजवर करावा, चुकले तरी संगणकाला धक्का लागत नाही. ट्रंकेट, म्हणजे टी-आर-यू-एन-सी-ए-टी-ई, डॅश एस, ३जी, आणि इमेजचे नाव. मग त्यावर एमकेएफएस टिंब एक्स्ट४, आणि सुडो माउंट डॅश ओ लूप देऊन ती एखाद्या रिकाम्या डिरेक्टरीवर बसवा. इमेज ३ जीबीचीच घ्या असे सांगण्याला कारण आहे. ५१२ एमबीपेक्षा लहान इमेजवर पुष्कळदा १,०२४ बाइटचा ब्लॉक, म्हणजे इथला खण, पडतो आणि खालचे सगळे आकडे बदलतात. लहानच हवी असेल तर फॉरमॅट करताना डॅश बी ४०९६ स्वतः द्या. ही इमेज फाइल हेच एक उदाहरण आहे. एल-एस ती ३ जीबीची सांगते, डी-यू त्यापेक्षा फारच थोडी. ज्या भागात काही लिहिलेच नाही त्याला ब्लॉक दिलेला नाही. हिला स्पार्स, म्हणजे विरळ फाइल म्हणतात.

तपासणीचे मुख्य हत्यार एस-टी-ए-टी. त्यात साइझ आणि ब्लॉक्स हे दोन आकडे पाहायचे. ब्लॉक्स नेहमी ५१२ बाइटच्या मापात असतात, फाइल सिस्टिमच्या ४,०९६ च्या मापात नव्हे. सगळ्यात जास्त चुका याच ठिकाणी होतात. ब्लॉक्स ८ म्हणजे एक खरा ब्लॉक.

साधी फाइल. टचने रिकामी केली की साइझ ०, ब्लॉक्स ०. तिला फक्त आयनोड, म्हणजे फाइलची माहिती ठेवणारी नोंद, मिळतो. एक अक्षर लिहा, आणि स्टॅट देण्याआधी सिंक द्या. एक्स्ट४ लिहिलेला मजकूर थोडा वेळ मेमरीत धरून ठेवते आणि ब्लॉक कुठला द्यायचा ते नंतर ठरवते. घाईने फाइलफ्रॅग, म्हणजे फाइल डिस्कवर कुठे बसली ते दाखवणारी आज्ञा, दिले तर जागा अजून ठरलेली नसल्याचेच दिसते. सिंकनंतर ब्लॉक्स ८. एका अक्षराला ४,०९६ बाइट.

आयनोड सहसा २५६ बाइटचा असतो. त्यात ६० बाइटची एक पेटी आहे, आणि फाइलचा प्रकार बदलला की त्या पेटीत काय ठेवले जाते ते बदलते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या ६० बाइटमध्ये आहे.

साध्या फाइलीत तिथे एक्सटेंट असतात : कुठून सुरू, सलग किती. बारा बाइटचा मथळा आणि बारा-बारा बाइटचे चार एक्सटेंट, झाले ६०. एक एक्सटेंट जास्तीत जास्त ३२,७६८ ब्लॉक, म्हणजे १२८ एमबी सांभाळतो. म्हणून १ जीबीची फाइल कितीही सलग असली तरी तिला किमान ८ एक्सटेंट लागतात, ते पेटीत मावत नाहीत, आणि त्यांच्यासाठी वेगळा ब्लॉक घ्यावा लागतो. डीडी वापरून शून्यांनी भरलेली १ जीबीची फाइल करा. मजकुराचे ब्लॉक्स २०,९७,१५२ होतात. स्टॅट २०,९७,१६० दाखवेल. वरचे ८ म्हणजे तो जादाचा ब्लॉक. फाइलफ्रॅग डॅश व्ही दिले की एक्सटेंटची यादीच समोर येते.

सिम्बॉलिक लिंकमध्ये त्याच पेटीत एक्सटेंट नसून लिंक ज्याकडे बोट दाखवते तो पत्ता सरळ लिहिलेला असतो, तो ५९ बाइटपर्यंत असेल तर. एलएन डॅश एस देऊन सोलापूर हा शब्द दोनदा जोडून लिहिलेल्या पत्त्याची लिंक करा. ती फाइल अस्तित्वात नसली तरी चालते. साइझ ४२, ब्लॉक्स ०. आता तीनदा जोडून दुसरी लिंक करा. साइझ ६३, आणि ब्लॉक्स एकदम ८. इंग्रजी नावांनी हा उंबरठा ओलांडायला साठ अक्षरे लागतात, मराठी नावांनी वीस चिन्हांत तो ओलांडला जातो. परीक्षकांना हे दाखवाच. खात्री हवी असेल तर डीबगएफएस डॅश मोठा आर, अवतरणात स्टॅट आणि लिंकचे नाव, आणि शेवटी इमेजचे नाव. आखूड लिंकला तिथे फास्ट लिंक असे लिहून येते. डीबगएफएसला डॅश डब्ल्यू कधीही देऊ नका. त्याशिवाय ते फक्त वाचते, त्याने मात्र लिहू लागते, आणि माउंट असलेल्या डिस्कवर लिहिले तर फाइल सिस्टिम बिघडते.

डिरेक्टरी ही नावांची आणि आयनोड क्रमांकांची यादी असलेली फाइलच आहे, म्हणून रिकामी असतानाही साइझ ४,०९६ आणि ब्लॉक्स ८. तिच्यात १०,००० रिकाम्या फाइली करा. यादी शे-दोनशे केबीपर्यंत वाढते. मग त्या सगळ्या पुसा आणि पुन्हा स्टॅट द्या. साइझ तेवढीच राहते. एक्स्ट४ वाढलेली यादी आपणहून आवळत नाही. त्यासाठी अनमाउंट करून ई२एफएससीके डॅश एफ मोठा डी द्यावे लागते, किंवा सरळ नवी डिरेक्टरी करावी.

पाइप एमकेफिफोने करा. साइझ ०, ब्लॉक्स ०. त्यातून कितीही मजकूर गेला तरी आकडे हलत नाहीत, कारण तो मजकूर कर्नलच्या मेमरीतून जातो, सहसा ६५,५३६ बाइटच्या साठ्यातून. डिस्कवर फक्त नाव आणि आयनोड. सॉकेटचेही तसेच.

डिव्हाइस फाइलीत एल-एस डॅश एल देऊन साइझच्या जागी दोन आकडे दिसतात. नलचे १ आणि ३, एसडीए या डिस्कचे ८ आणि ०. पहिला आकडा ड्रायव्हर सांगतो, दुसरा त्यातले कितवे उपकरण. एक्स्ट४ वर एमकेनॉडने अशी फाइल केली तर हे आकडे त्याच ६० बाइटच्या पेटीत बसतात. एक टीबीच्या डिस्कची डिव्हाइस फाइलही ब्लॉक्स ० दाखवते. डेव्ह डिरेक्टरी मात्र मेमरीत असते, तिथल्या फाइलीवरून एक्स्ट४ बद्दल निष्कर्ष काढू नका. इमेजवर स्वतः करून पाहा.

प्रश्न : आमच्या कर सल्लागार कार्यालयात स्कॅन केलेल्या पीडीएफ फार आहेत. पूर्ण डी ड्राइव्हवर कॉम्प्रेसची खूण केली, रात्रभर चालले, पण जागा सुटलीच नाही. — एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

सुटणारही नाही. स्कॅनची पीडीएफ म्हणजे बहुतेक आतली जेपीजी, आणि जेपीजी आधीच आवळलेली असते. एक्सएलएसएक्स आणि डीओसीएक्स या तर मुळातच झिप फाइली आहेत. एनटीएफएस १६ खणांचा, म्हणजे ६४ केबीचा गठ्ठा घेऊन आवळून पाहते. तो १५ किंवा त्याहून कमी खणांत बसला तरच फायदा, नाहीतर गठ्ठा होता तसाच ठेवते.

सीएसव्ही, टीएक्सटी, जुने एक्सएलएस, बीएमपी आणि लॉग या फाइलींना मात्र फरक पडतो. फोल्डरात जाऊन कॉम्पॅक्ट ही आज्ञा द्या. प्रत्येक फाइलीपुढे मूळ आकार, आताचा आकार आणि त्यांचे प्रमाण येते. १.० ते १ दिसले की त्या फाइलीवर मेहनत वाया गेली. डी ड्राइव्हवरची खूण काढा आणि फक्त जुन्या वर्षांच्या सीएसव्ही व लॉगच्या फोल्डरांवर ठेवा.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा ज्या फोल्डरात आहे त्यावर ती खूण अजिबात नको. डेटाबेसमध्ये मधलीच एखादी ओळ बदलते, तेवढ्यासाठी पूर्ण ६४ केबीचा गठ्ठा पुन्हा आवळून लिहावा लागतो, तो नव्या आकारामुळे दुसऱ्या जागी जातो आणि फाइलचे तुकडे वाढत जातात. काम मंदावते ते यामुळे.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे चित्रीकरण केले. एका कार्डावर सलग व्हिडिओच्या चार फाइली झाल्या, दुसऱ्यावर एकच झाली. शिवाय एका कार्डावरचे फोटो चुकून पुसले गेले. परत मिळतील का? — एक छायाचित्रकार, नवी पेठ, सोलापूर

चार फाइली झाल्या ते कार्ड ३२ जीबीचे किंवा त्याहून लहान, एफएटी३२ चे असणार. तिथे एक फाइल ४,२९४,९६७,२९५ बाइटच्या, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी, एवढ्याच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा नवी फाइल सुरू करतो. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डे एक्सफॅटची असतात, तिथे ही अडचण नाही. चारही फाइली त्यांच्या क्रमाने जोडल्या की मिरवणूक सलग मिळते.

पुसलेल्या फोटोंचे. ते कार्ड आत्ताच कॅमेऱ्यातून काढा आणि त्याच्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. पुसताना फक्त नोंदीवर खूण होते आणि खण मोकळे जाहीर होतात, मजकूर लगेच पुसला जात नाही. एक्सफॅटमध्ये सलग बसलेल्या फाइलीच्या नोंदीतच पहिला खण आणि लांबी लिहिलेली असते, म्हणून रिकाव्हरी सॉफ्टवेअरला ती पूर्ण उचलता येते. एकदम घेतलेले जेपीजी बहुतेक सलग असतात. मधले फोटो पुसून त्या फटींत लिहिलेला व्हिडिओ तुकड्यांत असतो, तो जुळवणे अवघड. परत मिळालेले फोटो त्याच कार्डावर उतरवू नका. पुढच्या वेळी एकेक फोटो पुसत बसण्यापेक्षा, प्रत काढून झाल्यावर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, म्हणजे नव्या फाइली सलग बसतात.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात वजनकाट्याच्या संगणकावर लिनक्स आहे. उसाच्या प्रत्येक गाडीची पावती वेगळ्या फाइलीत साठते. हंगामाच्या मध्यावर पावत्या सेव्ह होईनात, संदेश आला की डिस्कवर जागा नाही. डी-एफ मात्र ६० टक्के जागा मोकळी दाखवते. — एक वाचक, माढा तालुका

जागा आहे, आयनोड संपले आहेत. डी-एफ डॅश आय देऊन पाहा, आययूज १०० टक्के दिसेल.

एक्स्ट४ फॉरमॅट करतानाच आयनोडची संख्या ठरवून टाकते, सहसा दर १६,३८४ बाइटमागे एक. २० जीबीच्या पार्टिशनवर १३,१०,७२० आयनोड होतात. पावती ६०० बाइटची असो की ४,००० बाइटची, तिला एक ब्लॉक आणि एक आयनोड लागतो. तुमच्या सगळ्या फाइली अशा एकेका ब्लॉकच्या असतील तर आयनोड संपतात तेव्हा मजकुराने जेमतेम ५ जीबी अडवलेले असतात. बाकी जागा मोकळी दिसते, पण वापरता येत नाही. सिस्टिमच्या स्वतःच्या फाइली आणि मुळातली ५ टक्के राखीव जागा धरली की तुमचा ६० टक्क्यांचा आकडा पटतो.

आज काटा सुरू करायचा असेल तर मागच्या महिन्यांच्या पावत्या दिवसनिहाय टारमध्ये, म्हणजे अनेक फाइलींच्या एका गठ्ठा-फाइलीत, बांधा, टारची यादी काढून फाइलींची संख्या मूळ फोल्डराशी जुळवा, ती टार दुसऱ्या डिस्कवर उतरवा, आणि मगच मूळ पावत्या पुसा. दिवसाला ९०० पावत्या असतील तर ९०० आयनोड सुटतात आणि टारला एकच लागतो. नुसता रिमूव्ह, म्हणजे आर-एम, आणि तारा दिला तर लाखभर नावांची यादी आज्ञेत मावत नाही आणि यादी फार लांब असल्याची तक्रार येते. फाइंड डॅश डिलीट वापरा. पण आधी शेवटचे डिलीट न लिहिता तीच आज्ञा चालवून कोणत्या फाइली निवडल्या जात आहेत ते डोळ्यांखालून घाला.

चालू एक्स्ट४ वर पार्टिशन न वाढवता आयनोड वाढवता येत नाहीत. म्हणून हंगाम संपल्यावर पावत्यांसाठी वेगळे पार्टिशन करा आणि फॉरमॅट करताना डॅश आय ४०९६ द्या, म्हणजे प्रत्येक ब्लॉकमागे एक आयनोड मिळेल. त्या तक्त्यापोटी आयनोडमागे २५६ बाइट, म्हणजे २० जीबीत सव्वा जीबी आधीच जातो, तो धरून माप ठरवा. एक्सएफएस घेतली तर आयनोड लागतील तसे तयार होतात, हा हिशेब करावा लागत नाही. पावत्यांचे सॉफ्टवेअर बदलता येत असेल तर दिवसाची एकच फाइल ठेवून तिच्यात ओळ जोडत जाणे सर्वांत बरे. फक्त प्रत्येक ओळीनंतर ते सिंक करते ना, हे सॉफ्टवेअर करणाऱ्याला विचारून घ्या, कारण वीज गेली तर मेमरीत राहिलेल्या शेवटच्या काही सेकंदांच्या पावत्या डिस्कवर पोचलेल्या नसतात, आणि गाडी तोवर काट्यावरून उतरलेली असते.